रिंगचं रूटीन बांधायचं तं शेवटापासून बांधा

राजेहो, जिम्नॅस्टिक्सच्या रिंगवर मेहनत करणारे पोट्टे आपल्या भागात आता बरेच दिसतात. काही मल्लखांबावरून आलेले, काही शाळेच्या टीममधले, काही निव्वळ मोबाइलवर व्हिडिओ बघून लिंबाच्या झाडाला रिंगा टांगून लागलेले, अन् ताकद पाहिली तं खरंच कमी नाही. पण स्पर्धेत उतरले की मार्क येत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असते, रूटीन, म्हणजे स्पर्धेत सलग करायच्या कसरतींची माळ, बांधलेलंच नसते, जे जे येते ते एकामागं एक लावून दिलेलं असते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, पोट्ट्यांसाठी बी अन् गावात शिकवणाऱ्या सरांसाठी बी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थकलेल्या हातानं पूर्ण दोन सेकंद जे थांबते तेवढंच तुमचं, बाकी सगळं अजून प्रॅक्टिसमध्ये आहे. रूटीन त्यातूनच बांधायचं, अन् बांधायला सुरुवात डिसमाउंटकडून, म्हणजे रिंग सोडून खाली उतरायच्या शेवटच्या उडीकडून, करायची. असं काहून म्हणतो ते पुढं हिशोबानं दाखवतो.

आधी रिंगांचं बोलू, कारण ज्याच्यावर प्रॅक्टिस करतो ते सामान स्पर्धेच्या सामानासारखं नसलं तं रूटीन तिथं जाऊन बिघडते. आंतरराष्ट्रीय मापात फ्रेमची उंची ५.८० मीटर, जमिनीपासून रिंग २.८० मीटरवर, म्हणजे वरून खाली केबल अन् पट्टा मिळून ३ मीटर. दोन रिंगांमधलं अंतर ५० सेंटिमीटर, रिंगचा आतला व्यास १८ सेंटिमीटर, जाडी २८ मिलिमीटर. आता आपल्याकडं टिनाच्या शेडमध्ये लोखंडी अँगलला रिंगा टांगलेल्या असतात, अँगल असते दहा-बारा फुटांवर, मंग दोरी उरते चार-पाच फूट. दोरी आखूड झाली की झोका लवकर परत येते. पोरगं वर्षभर त्या लवकर येणाऱ्या झोक्यावर हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, शिकते, अन् मोठ्या हॉलमधल्या तीन मीटरच्या केबलवर गेलं की त्याचं टायमिंग चुकते, ते वर ढकलते तेव्हा रिंग अजून आलेलीच नसते. ताकदीच्या पोझिशनला या आखूड दोरीनं फार फरक पडत नाही, क्रॉस, म्हणजे दोन्ही हात बाजूला आडवे पसरून धरलेली पोझिशन, तिथंही क्रॉसच आहे. म्हणून गावात स्ट्रेंथ पक्की करा, अन् स्विंगसाठी स्पर्धेच्या आधी काही दिवस तरी पूर्ण उंचीच्या फ्रेमवर जा, अमरावतीला, नागपूरला, जिथं तुम्हाला जवळ पडते तिथं. स्पर्धेच्या ठिकाणी आदल्या दिवशी प्रॅक्टिसची वेळ मिळत असेल तं ती सगळी स्विंगवरच खर्च करा.

अजून एक, दोरीला रिंगच्या वर स्विव्हल पाहिजे, म्हणजे रिंग स्वतःभोवती फिरली पाहिजे. स्विव्हल नसलं तं डिसलोकेट, म्हणजे उलटं लटकलेलं असताना खांदे फिरवत झोक्यात निघणं, करताना दोरीला पीळ बसते अन् तो पीळ सगळा खांद्यात येते. अन् अँगल वेल्डिंगवाल्याकडून तपासून घ्या, कारण जोरात स्विंग केल्यावर खाली येताना रिंगवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडते. स्पर्धेची फ्रेम थोडी लवचिक असते, ती झटका गिळते, शेडचा अँगल गिळत नाही. म्हणून शेडमध्ये रोज मोठमोठे जायंट, म्हणजे सरळ अंगानं पूर्ण गोल फेरे, मारू नका, खांदे लवकर खराब होतात. झाडाच्या फांदीवर तं फक्त पुल-अप, एल-सिट म्हणजे हातांवर उचलून पाय समोर सरळ धरणं, लिव्हर म्हणजे लटकून अंग आडवं सरळ धरणं, एवढंच.

आता मार्काचं. दोन आकडे असतात. डी स्कोअर म्हणजे तुम्ही काय केलं त्याची किंमत, शून्यापासून वर चढते. ई स्कोअर म्हणजे कसं केलं, दहापासून खाली उतरते. दोघांची बेरीज करून, अजून काही पेनल्टी असेल तं ती वजा करून फायनल स्कोअर. प्रत्येक एलिमेंटला, म्हणजे एकेका कसरतीला, अक्षर असते, ए म्हणजे ०.१, बी ०.२, सी ०.३, डी ०.४, असं चढत जाते. साधा क्रॉस बी आहे, प्लांश म्हणजे रिंगच्या वर हातांवर अंग आडवं धरणं, पाय फाकवून केलेल्या स्ट्रॅडल प्लांशची किंमत बी, पाय जोडून केलेला पूर्ण प्लांश सी, उलटा क्रॉस सी, हात पसरून रिंगच्या उंचीवर अंग आडवं धरलेला मॉल्टीज डी. एल-सिट, फ्रंट लिव्हर, बॅक लिव्हर हे ए.

रिंगवर एलिमेंटचे गट चार. पहिला गट किप, म्हणजे पाय झटकून लटकलेल्या स्थितीतून रिंगच्या वर येणं, अन् स्विंगचा, ज्यात स्विंगनं हँडस्टँडला जाणं बी येते. दुसरा निव्वळ ताकदीचा अन् होल्डचा, म्हणजे पोझिशन धरून थांबायचा. तिसरा स्विंगमधून सरळ ताकदीच्या पोझिशनला जाऊन थांबायचं तो. चौथा डिसमाउंट. चारही गटांतलं काहीतरी पाहिजेच, गट भरला की त्याचे वेगळे मार्क जोडल्या जातात. २०२५ पासून लागू झालेल्या एफआयजीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या, कोडमध्ये म्हणजे नियमावलीत सीनियरचे ८ एलिमेंट मोजतात, डिसमाउंट धरून, आधी १० मोजायचे. एका गटातले जास्तीत जास्त ४. हा बदल आपल्या पोट्ट्यांसाठी लई चांगला आहे, दहा भरायच्या नादात शेवटचे दोन-तीन एलिमेंट नुसते ढकलल्या जायचे.

त्यात रिंगचे स्वतःचे दोन नियम आहेत अन् रूटीनचा सगळा आकार याच दोन नियमांनी ठरते. एक, दुसऱ्या अन् तिसऱ्या गटाचे मिळून सलग तीनच एलिमेंट करता येतात, चौथं करायचं असेल तं मध्ये पहिल्या गटातला निदान बी किमतीचा स्विंग टाकावा लागते. दोन, तीच शेवटची पोझिशन परत परत चालत नाही, म्हणजे क्रॉसवर थांबलात तं दुसऱ्या गटात एकदा अन् तिसऱ्या गटात एकदा, बस. याशिवाय स्विंगनं वर जाऊन दोन सेकंद धरलेला हँडस्टँड रूटीनमध्ये असला पाहिजे. प्रेस करून, म्हणजे ताकदीनं चढून केलेला हँडस्टँड त्यात धरत नाहीत, तो दुसऱ्या गटाचा.

शालेय स्पर्धेतली पोरं असतील, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालची, तं आधी त्या वर्षीचं परिपत्रक बघा. कुठं ठरवून दिलेला सेट असते, कुठं स्वतःचं रूटीन चालते, कुठं नियम सोपे केलेले असतात. कोड चार वर्षांनी बदलते, मागच्या ऑलिम्पिकच्या वेळचा व्हिडिओ बघून रूटीन मोजू नका.

आता हिशोब, हा नीट वाचा कारण सगळं याच्यावरच आहे. होल्ड दोन सेकंदाचा. दोन सेकंदापेक्षा कमी थांबलात तं ०.३ गेले. थांबलातच नाही तं एलिमेंटच मोजल्या जात नाही. पोझिशन बरोबर कोनापासून १५ अंशांपर्यंत हललेली असेल तं ०.१, १६ ते ३० अंश असेल तं ०.३, ३१ ते ४५ असेल तं ०.५, अन् ४५ च्या पुढं गेलं की एलिमेंट गेलं.

समजा एका पोराला पूर्ण प्लांश येते, पण कंबर वीसेक अंश खाली लटकते अन् थांबते दीड सेकंद. त्याला मिळाले सी चे ०.३. गेले कोनाचे ०.३ अन् वेळेचे ०.३, मिळून ०.६. म्हणजे एवढी मेहनत करून ते एलिमेंट त्याच्या स्कोअरमधून ०.३ घेऊन गेलं. तेच पोरगं पाय फाकवून प्लांश करते तं सरळ रेषेत पूर्ण दोन सेकंद थांबते, ०.२ मिळतात अन् जात काहीच नाही. सोपा प्लांश अन् अवघड प्लांश यात अर्ध्या मार्काचा फरक पडला, अन् तो सोप्याच्या बाजूनं. गावातल्या कितीतरी रूटीनमध्ये असे दोन-तीन एलिमेंट असतात जे मार्क आणत नाहीत, नेतात. ते आधी काढा. पोरगं रुसते, मान्य आहे, ज्या गोष्टीसाठी वर्षभर खपलं ती काढायला जीवावर येते, पण त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, ते समजते. प्लांश प्रॅक्टिसमध्ये चालूच राहू द्या, रूटीनमध्ये तो येईल तेव्हा येईल.

वरच्या लेव्हलला बी असंच चालते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलच्या आर्थर झानेटीचे १५.९०० अन् चीनच्या चेन यीबिंगचे १५.८००, सोनं अन् चांदीमध्ये एक दशांश, म्हणजे एका लहान चुकीची किंमत. २०२४ ला पॅरिसमध्ये लिऊ यांग १५.३०० अन् झोउ जिंगयुआन १५.२३३, एका दशांशाहूनही कमी. तिथं कोणाकडं ताकद कमी होती असं कोणी म्हणणार नाही.

तं पहिलं काम, एक वही घ्या अन् येणारे सगळे एलिमेंट लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी नोंदवा, ताज्या अंगानं किती सेकंद थांबते अन् थकल्यावर किती थांबते. थकल्यावर म्हणजे चाळीसेक सेकंद रिंगवर काही ना काही करून, न उतरता, लगेच तो होल्ड. मोबाइल खांद्याच्या उंचीवर बाजूला ठेवा, खालून व्हिडिओ काढला तं कोन खोटा दिसते, कंबर लटकलेली असूनही वर वाटते. क्रॉससाठी मोबाइल समोर ठेवा. व्हिडिओ थांबवून फोटो काढा अन् त्यावर पट्टी ठेवून बघा. सेकंद मोजायचे ते शरीर पूर्ण थांबल्यापासून, पोझिशनमध्ये शिरल्यापासून नाही. हे मोजणं दुसऱ्यानं करावं. पोरगं स्वतः मोजते तेव्हा दोन सेकंद लई लवकर होतात, म्हणून मी पोरांना मनात तीनपर्यंत मोजायला सांगतो, तेव्हा कुठं पंचाचे दोन भरतात.

दुसरी नोंद, अन् ही कोणी करत नाही, प्रत्येक एलिमेंट कुठून सुरू होते अन् कुठं संपते. रिंगवर उभं राहायच्या जागा मोजक्याच, खाली लटकलेला हँग, पाय वर केलेला उलटा हँग, रिंगच्या वर हातावर सपोर्ट, अन् हँडस्टँड. क्रॉसमधून खाली हँगमध्ये उतरता येते, किंवा ताकद असेल तं वर दाबून पुढच्या पोझिशनला जाता येते. फ्रंट लिव्हर हँगमध्येच असते. एल-सिट सपोर्टमध्ये. एक एलिमेंट जिथं संपते तिथूनच पुढचं सुरू व्हायला पाहिजे, नाहीतर मध्ये रिकामा झोका घ्यावा लागते, रिकाम्या झोक्याचे मार्क कापल्या जातात अन् दम बी जाते. माझ्या मते रूटीन बांधायची निम्मी अक्कल या एका नोंदीत आहे.

आता बांधायला बसू. शेवटून.

डिसमाउंट आधी ठरवा. जे डिसमाउंट पोरगं पूर्ण थकल्यावर, घाबरल्याशिवाय, दोन पायांवर उतरवते ते. उतरताना लहान पाऊल ०.१, मोठं ०.३, पडलं तं पूर्ण १.० गेला. एक पडणं म्हणजे पाच बी एलिमेंटची कमाई. डबल बॅक, म्हणजे मागं दोन कोलांट्या, टकमध्ये म्हणजे गुडघे छातीशी घेऊन पक्कं असेल तं तेच ठेवा, सरळ अंगाच्या लेआउटचा मोह नको. डिसमाउंटच्या लगेच आधी स्विंगनं आलेला हँडस्टँड ठेवला तं दोन कामं होतात, उंची आयती मिळते अन् हँडस्टँडची अट बी भरते. ताकदीचा होल्ड करून लगेच डिसमाउंटला जाणारी पोरं मी पाहिली आहेत, खांदे इतके जड झालेले असतात की पुढच्या स्विंगला रिंग खाली दाबल्याच जात नाही, सॉल्टो, म्हणजे हवेतली कोलांटी, बुटका होते अन् गुडघे छातीला लागतात उतरताना.

मंग सुरुवात ठरवा. सगळ्यात अवघड होल्ड पहिल्या तीनात. तिसरा गट, म्हणजे स्विंगमधून होल्ड, हा बी सुरुवातीलाच ठेवा, कारण त्यात नुसती ताकद नाही, अंदाज बी लागते, अन् अंदाज थकल्यावर आधी जाते. पोझिशनच्या वरून जाऊन मंग खाली सरकत बसणं चालत नाही, बरोबर उंचीवर यायचं अन् तिथंच थांबायचं.

मधला भाग शेवटी भरा. सलग तीन झाले की मधला स्विंग येतेच, तो कुठं टाकायचा यात फार डोकं लावायची गरज नाही, नियमच सांगते. मोठे खेळाडू तिथं यामावाकी अन् योनासन टाकतात, दोन्ही पुढच्या डबल सॉल्टोचे, फिरून परत हँगमध्ये येणारे. आपल्या पोट्ट्यांनी जायंट करून हँडस्टँड धरावा, त्यात धोका कमी अन् अट बी भरते.

एक नमुना देतो, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, क्रॉस पक्का, स्ट्रॅडल प्लांश पक्का, दोन्ही बाजूचे जायंट येतात, डिसमाउंटला डबल बॅक टक. सर वर उचलून रिंग धरून देतात, पोरगं शांत लटकते, झोका नाही, पाय जुळलेले. सरांनी झोका देऊ नये, त्याचे मार्क कापतात. पाय वर घेऊन पाइकमध्ये, म्हणजे पाय सरळ ठेवून कंबरेत वाकून, उलटा हँग, तिथून पाय पुढे फेकायचे, मागच्या स्विंगला बॅक अपराइज, म्हणजे त्या झोक्यानं रिंगच्या वर येणं, करून सरळ स्ट्रॅडल प्लांशवर, दोन सेकंद. तिसरा गट झाला. प्लांशमधून सपोर्टला येऊन हात सरळ ठेवत हळूहळू क्रॉसमध्ये, दोन सेकंद. क्रॉसमधून हँगमध्ये उतरून फ्रंट लिव्हर, दोन सेकंद. तीन झाले, आता स्विंग पाहिजे. लिव्हरमधून उलट्या हँगमध्ये, डिसलोकेट काढून पुढच्या स्विंगनं सरळ हातांनी हँडस्टँड, दोन सेकंद. हे पहिल्या गटाचं. हँडस्टँडमधून हळू उतरत एल-सिट, दोन सेकंद, तिथून प्रेस करून परत हँडस्टँड, दोन सेकंद. मंग दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पुढचा जायंट, परत हँडस्टँड, दोन सेकंद. दिशा वेगळी म्हणून एलिमेंट वेगळं मोजल्या जाते. तिथून खाली सोडून पुढच्या स्विंगवर डबल बॅक.

मोजा, आठ झाले. पहिल्या गटाचे दोन, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचं एक, अन् डिसमाउंट. मधलं डिसलोकेट बी एलिमेंटच आहे पण मोजल्या जाणाऱ्या आठात ते येत नाही, ते फक्त रस्ता आहे. कुठंच रिकामा झोका नाही. प्लांशला खांद्याचा पुढचा भाग कामाला लागते, क्रॉसला छाती अन् पाठीचे मोठे स्नायू, लिव्हरला पाठ अन् पोट, म्हणजे तीन सलग होल्ड असूनही ओझं वेगवेगळ्या जागी वाटल्या जाते. हे नमुन्यातून उचला. एलिमेंट तुमचे तुमच्या वहीतले घ्या.

ज्याच्याकडं क्रॉस अजून नाही त्यानं क्रॉसच्या जागी बॅक लिव्हर ठेवावा. लहान वयात, हाडं वाढीला लागलेली असताना, पूर्ण वजनानं क्रॉस लटकवू नका, कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं लागते अन् ते महिनोन् महिने जात नाही. सायकलची जुनी ट्यूब दोन्ही रिंगांना बांधून पायाखाली घेतली की वजन हलकं होते, ट्यूब हळूहळू सैल करत जायची. किंवा रिंगमधून कोपरापर्यंत हात घालून, कोपराजवळ आधार घेऊन क्रॉस करायचा, मंग आधार मनगटाकडं सरकवत न्यायचा. घाई करणाऱ्या पालकांना, काकाजी, हे समजावून सांगा की खांदा अन् कोपर एकदा गेलं तं पोराचं पुढचं सगळं गेलं.

मल्लखांबावरून आलेल्या पोरांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं तीच जास्त. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळं, १९१४ पासून चालते ते, अन् त्यांचे लोक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेले होते, आपल्या भागात मल्लखांब घराघरात माहीत आहे. ही पोरं रिंगवर लवकर शिकतात, पकड मजबूत, पोट कडक, उलटं व्हायची भीती नाही. पण दोरीच्या अन् पुरलेल्या मल्लखांबावर हात वाकवून जवळ ओढायची सवय असते. रिंगवर कोपर सरळ पाहिजे, वाकलेल्या कोपराचे मार्क प्रत्येक वेळी जातात, स्विंगनं हँडस्टँडला जातानाही. म्हणून या पोरांना पहिले काही महिने सरळ हाताचं काम जास्त द्या, सपोर्टवर रिंग बाहेर वळवून उभं राहणं, पाय जमिनीवर टेकवून प्लांशचा झुकाव, ट्यूबवर क्रॉस. रूटीनमध्ये बी यांचे स्विंगचे हँडस्टँड आधी तपासा, तिथंच जास्त गळती होते.

बाकी बारीक गोष्टी. होल्डमध्ये मनगट आत वळवून रिंगवर चढवलेलं, ज्याला फॉल्स ग्रिप म्हणतात, त्याचे ०.१ प्रत्येक होल्डला जातात, शिकताना चालेल, रूटीनमध्ये नको. हँडस्टँडमध्ये हात किंवा पाय केबलला लागू नये. केबल हलत असताना होल्ड धरला तं मार्क जातात, म्हणून स्विंग संपताना रिंग शांत करायला शिका, ही गोष्ट वेगळी बसून शिकवावी लागते. पायाचे पंजे ताणलेले, हे तं सांगायलाच नको पण सांगतो, कारण होल्डमध्ये सगळं लक्ष खांद्यात असते अन् पंजे सैल पडतात.

रूटीन तयार झालं म्हणजे लगेच रोज पूर्ण मारायचं नाही. आधी दोन तुकडे, सुरुवातीपासून पहिल्या हँडस्टँडपर्यंत एक, तिथून डिसमाउंटपर्यंत दुसरा. दुसरा तुकडा जास्त वेळा करा, तोच कच्चा राहते कारण सगळे नेहमी सुरुवातीपासूनच सुरू करतात. दोन्ही तुकडे स्वच्छ झाले की जोडा. पूर्ण रूटीन आठवड्यात थोडेच करा, पण प्रत्येक पूर्ण रूटीनचा व्हिडिओ काढा अन् पंच कापेल तसं कापून मार्क लिहा. दहातून किती उरले ते वहीत. हे उरलेले वाढत नसतील तं नवीन एलिमेंट टाकायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

उन्हाळ्यात मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला जाते, टिनाखाली दुपारी उभं राहवत नाही, तेव्हा सकाळी साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवा. घामानं रिंग निसटते, हाताला मॅग्नेशियमची पांढरी पूड लावल्याशिवाय स्विंग करू देऊ नका. पावसाळ्यात चामड्याचे ग्रिप ओलसर होतात, ते घरी सावलीत वाळवा, चुलीजवळ नाही, चामडं कडक होऊन तडकते. कापूस वेचणीच्या दिवसात पोरं शेतात जातात, घरच्यांना हात पाहिजे असतात, त्यात वाईट काही नाही, त्या दिवसांत नुसतं होल्डचं काम द्या, वीस मिनिटांचं, रिंग नसली तरी घरी करता येईल असं. स्विंग बंद राहिला तं परत सुरू करताना एकदम डिसमाउंटला जाऊ देऊ नका.

बघायला सांगाल तं लिऊ यांगचे टोकियो अन् पॅरिसचे दोन्ही फायनल बघा, दोन्हीकडं सोनं त्याचंच. ग्रीसचा पेट्रूनियास बघा, रिओत २०१६ ला सोनं घेतलेला. इटलीचा युरी केकी, १९९६ अटलांटाचा सोन्याचा मानकरी अन् त्याच्या आगेमागे ओळीनं पाच वेळा विश्वविजेता. बघताना मॉल्टीजकडं बघत बसू नका. होल्ड संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत ते काय करतात ते बघा, केबल कशी शांत ठेवतात, डोकं कुठं असते, श्वास कधी घेतात. आवाज बंद करून हळू गतीनं बघितलं तं लई काही दिसते.

शेवटचं काम, स्पर्धेला जायच्या आधी बिघडलं तं काय करायचं ते ठरवून ठेवा. रिंगवर असताना विचार करायला वेळ नसते. वरच्या नमुन्यात समजा पहिलाच स्ट्रॅडल प्लांश थांबला नाही, तं नुसतं एलिमेंट गेलं असं नाही, तिसरा गटच रिकामा झाला. मंग पोरानं फ्रंट लिव्हर सोडून द्यायचा. क्रॉसमधून हँगमध्ये उतरून पाइकमध्ये उलटं व्हायचं, किप करून एल-सिटवर येऊन दोन सेकंद थांबायचं, गट भरला. तिथून मागं पडत परत उलट्या हँगमध्ये, डिसलोकेट, अन् पुढचा रस्ता तोच. पुढं हँडस्टँडमधून उतरून येणारा एल-सिट दुसऱ्या गटात धरल्या जाते, म्हणून तो बी चालते. लिव्हरचे ०.१ गेले, गटाचे वाचले. हा बदललेला रस्ता रूटीनइतकाच पाठ पाहिजे, म्हणून आठवड्यातून एकदा सरांनी खालून आवाज द्यायचा, "प्लांश गेला", अन् पोरानं तिथून वळायचं.